खोट्या भाकिताबाबत तक्रार-अर्ज

लातूर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सिंधु हिस अंगद शलमोन दुपारगुडे याचा सलाम.

तुझे तीन फोन आले आणि मी ते घेतले नाहीत, याचा राग नसावा. माझा उजवा कान माझ्याबरोबरच निवृत्त झाला असून, तू फोनवर बोलतेस ते मुदखेड जंक्शनवर गाडी सुटण्याची घोषणा व्हावी तसे. शिवाय ज्या विषयावर तुला बोलायचे आहे, तो लेखी असलेला बरा. एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने बोललेल्या शब्दावर विसंबू नये. मी एकदा विसंबलो. परिणाम तुझ्यासमोर आहे.

तुझ्या कानावर आले ते खरे आहे. आमच्या लातूरच्या मंडळीचे पाळक रामलिंग यांच्याविरुद्ध मी विभागीय समितीकडे तक्रार-अर्ज दाखल केला आहे. विषय : खोटे भाकीत. प्रत सोबत जोडली आहे. आशय थोडक्यात असा. रविवार, १ डिसेंबर रोजी, सव्वाशे माणसांच्या उपासनेत, पाळकांनी व्यासपीठावरून जाहीर केले की, माझी पत्नी व तुझी थोरली बहीण राजकन्या ही नाताळाच्या आत बरी होऊन देवळात येईल. २३ डिसेंबर रोजी ती वारली. ज्याचे बोलणे खरे ठरत नाही तो देवाचा संदेष्टा नव्हे, असा मोशेचा नियम आहे आणि अशा माणसाला त्या नियमात देहान्ताची शिक्षा आहे. लातूरमधील रहदारी आणि पोलीस ठाण्याचे अंतर लक्षात घेऊन मी ही मागणी सौम्य केली असून पाळकांचा झगा कायमचा उतरवावा, एवढीच विनंती केली आहे.

तू म्हणशील, दाजींनी भाकितालाच हात घातला, आता उरले काय? कारण आपला सारा विश्वास पूर्ण झालेल्या भाकितांवर उभा आहे, असे आपल्याला शब्बाथ शाळेपासून शिकवतात. जन्माचे गाव आधी ठरलेले, विश्वासघाताची नाणी आधी मोजलेली, अंगरख्यावर चिठ्ठ्या पडणार हेही आधी लिहिलेले. मीही हे अनेक वर्षे मान हलवून ऐकले. आता रिकामा वेळ पुष्कळ आहे, म्हणून मुळापासून वाचतो आहे. तुला माहीत आहे का, की पहिल्या शुभवर्तमानकाराने प्रभूला यरुशलेमेत एकाच वेळी दोन गाढवांवर बसवले आहे? जुन्या संदेष्ट्याने कवितेत सांगितले होते की, राजा गाढवावर बसून येतो, गाढवाच्या शिंगरावर बसून येतो. एकच गोष्ट दोनदा, कवी सांगतात तशी. जात्यावर बसलेली बाई ‘माझा भाऊराया, माझा बंधुराया’ म्हणते, म्हणून तिला दोन भाऊ होत नाहीत. पण आमच्या शुभवर्तमानकाराला भाकीत अक्षरशः पूर्ण झालेले हवे होते. त्याने दुसरे गाढव आणले. बसणाऱ्याचे काय हाल झाले असतील, याचा विचार केला नाही.

आता मुद्द्याचे. गुरुवार, २८ नोव्हेंबरला पाळक राजकन्येला भेटायला घरी आले, तेव्हा मी औषधे आणायला गेलो होतो. खोलीत तू होतीस. पाळक तिला काय म्हणाले आणि तिला कोणती आशा दाखवली, ते लिहून, खाली सही करून पाठव. चौकशी २२ मार्चला आहे. समितीपुढे तू एकमेव साक्षीदार आहेस.

बालाजींना सलाम.

तुझा,
अंगद शलमोन दुपारगुडे

*

मुदखेड,
१५ फेब्रुवारी

दाजीस्नी सिंधुचा प्रभूमधी सलाम.

तुमचं पाकीट पोस्टमननं आनून दिलं तवा ह्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. दाराआड जाऊन बसले. मी वाचून दाखवलं तर म्हनले, नोटीस बरी होती.

दाजी, अर्जाची एक प्रत समितीला, एक पाळकाला, एक मला. देवाला धाडली का न्हाई? का त्याचा पत्ता बदलला?

झगा उतरवा म्हनता. त्या मानसाकडं एकच झगा हाय. त्याच्या काखेत ठिगळ हाय अन् ते आमच्या अक्कानं लावलेलं हाय, पांढऱ्याला पांढरं जुळना म्हनून दोन दिवस बाजार हिंडली व्हती. उतरवताना तेवढं ठिगळ बगून घ्या म्हनावं समितीला.

गाढवाचं तर मला सांगूच नका. आमच्या रेल्वे कॉलनीच्या मागं कुंभाराची चार घरं हायत. कदी जाऊन बगा. ज्या शिंगरावर आजवर कोनी बसलं न्हाई, ते एकटं चालतंय व्हय? आई म्होरं चालली तरच ते पाऊल उचलतंय. म्हनून दोन आनावी लागतेत. त्या लिवनाऱ्यानं गाढवं पाळली असतील, तुमी तर्कशास्त्र पाळलं. त्याला मेल्याला काय लाता मारता?

अन् भाकितावर विश्वास हाय म्हनून आमी देवळात जातो, असं तुमाला कोन म्हनलं? तुमी अक्काला बगायला आले तवा आमची माय चुलीपाशी म्हनली, हा मानूस हसत न्हाई पर माझ्या लेकीला उपाशी ठेवनार न्हाई. एकोनचाळीस वर्सांनी ते खरं झालं का न्हाई? मायनं तवाच सांगितलं व्हतं, असं आमी सगळे म्हनतो. आता मायनं सांगितलं म्हनून ते झालं, का झालं म्हनून मायचं बोलनं आमच्या ध्यानात ऱ्हायलं, ते तुमी फळ्यावर लिवून सोडवा. मला तर एवढंच कळतं, ज्या मानसावर जीव हाय त्याचंच जुनं बोलनं मानूस धुंडीत बसतंय. दुश्मनाचं कोन ध्यानात ठेवतं?

सहीचं म्हनाल तर मी सही करनार न्हाई. त्या दिवशी काय बोलनं झालं ते माझ्या ध्यानात न्हाई.

जेवन येळेवर करत जावा. डाळ शिजवताना हिंग घालायचा असतो, मागच्या येळेला तुमच्या हातची डाळ लई पवित्र लागली.

तुमची,
सिंधु

*

लातूर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सिंधु हिस सलाम.

गाढवांविषयीचा तुझा मुद्दा मी नोंदवून घेतला आहे. मी वाचलेल्या एकाही भाष्यकाराला तो सुचलेला नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. त्यांपैकी कोणाच्याही घरामागे कुंभार राहत नसावा.

परंतु ‘ध्यानात नाही’ हे तुझे वाक्य मला मान्य नाही. तुझ्या साखरपुड्यात मी ताटात किती पुऱ्या टाकल्या, हे तुला चौतीस वर्षांनी ध्यानात आहे. दर नाताळाला तू ती संख्या जाहीर करतेस. तीन महिन्यांपूर्वीचे बोलणे तू विसरलीस, यावर समिती विश्वास ठेवील. मी ठेवणार नाही.

मायच्या बोलण्याविषयी. माझे वडील देवणीच्या जनावरांच्या बाजारात एका दलालाला ओळखत. तो प्रत्येक गाभण गाईच्या पाठीवर थाप मारून सांगे, गोऱ्हाच होणार. ज्याला गोऱ्हा झाला तो पुढल्या बाजाराला पेढे घेऊन येई. ज्याला कालवड झाली तो केवळ एवढे सांगायला गाडीभाडे खर्चून कशाला येईल? दलाल मरेपर्यंत द्रष्टा म्हणून मिरवला. भाकीत पूर्ण होण्याची एवढी सोपी रीत आहे, सिंधु. पाळकांनी तीच वापरली. राजकन्या उठली असती तर देवाचा महिमा, आणि नाही उठली तर देवाची इच्छा. हरण्याची सोयच ठेवलेली नाही. मला तेवढी एक सोय ठेवायची आहे, म्हणून अर्ज.

आता जे तुला सरळ विचारायला हवे होते, ते विचारतो. आधीच्या पत्रात ते मी कायद्याच्या भाषेत लपवले. माझा पाळकांवरचा राग हा दुय्यम विषय आहे. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की, राजकन्येने त्या भाकितावर विश्वास ठेवला होता का? २३ तारखेच्या सकाळपर्यंत ती बरी होण्याची वाट पाहत होती का? तसे असेल, तर त्या माणसाने तिला निरोप घेण्याचीही सवड ठेवली नाही. ती फसून गेली. त्याचा झगा उतरल्यावाचून मी गप्प बसणार नाही.

आणि तसे नसेल, तर तिला ठाऊक होते. मग तिने मला का सांगितले नाही, हा प्रश्न उरतो. तो मी कोणत्या समितीकडे दाखल करावा, ते मला कळत नाही.

डाळीत हिंग घातला. आता ती पवित्र लागत नाही, नुसतीच वाईट लागते.

तुझा,
अंगद

*

मुदखेड,
६ मार्च

दाजीस्नी सलाम.

तुमचं पत्र चार दिवस पदराला बांधून फिरले. सही करायची माझी हिंमत न्हाई. पर एक गोष्ट सांगते, तुमी चिडायचं न्हाई.

अर्जात तुमी लिवलंय, पाळक म्हनले की अक्का ‘बरी होऊन’ देवळात येईल. ते तसं म्हनले न्हाईत. त्या रविवारी मी घरी अक्काजवळ व्हते, म्हनून आमच्या अंबिकानं देवळात बसून सगळी उपासना मोबाइलमधी भरून आनली व्हती, मावशीला ऐकवायला. पोरीनं ती पुसली न्हाई. आज तुमच्या मोबाइलवर धाडते. डावा कान लावून ऐका. मोठ्या आवाजात लावू नका, शेजारच्या वहिदाभाभी म्हनतील सायेबांना वैराग आलं, बिगर रविवारचं परवचन ऐकून राहिले.

चौकशीची तारीख पुढं ढकलता आली तर ढकला. पाळकाच्या घरी सामान बांधून ठेवलंय म्हनं. त्याच्या बायकोनं फोनवर मला काईबाई बोलायला पायजे व्हतं, तर तिनं तुमची तब्येत विचारली.

सिंधु

*

लातूर,
१२ मार्च २०२५

चि. सौ. सिंधु हिस सलाम.

ध्वनिफीत मिळाली. पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला वाटले अंबिकाने काही भाग गाळला. दुसऱ्यांदा ऐकताना वही घेऊन बसलो. तिसऱ्यांदा ऐकण्याची गरज नव्हती, तरी ऐकली.

पाळक म्हणतात : “आनंदाची वार्ता सांगतो. आपल्या भगिनी राजकन्याबाई नाताळाच्या आत या देवळात येतील.” एवढेच. त्यानंतर लोक हालेलुया म्हणतात आणि त्यात एक खोकला ऐकू येतो, तो माझा आहे. ‘बरी होऊन’ हे दोन शब्द पाळकांच्या तोंडी नाहीत. ते माझ्या कानात होते. ज्याच्या दुसऱ्या गाढवाची मी महिनाभर टिंगल केली, त्या शुभवर्तमानकाराची मी क्षमा मागितली पाहिजे. हवे ते नसेल तर माणूस आणतो.

म्हणजे अर्जातील मुख्य विधान चुकीचे आहे. एकतीस वर्षे मुलांचे गुण ज्या चुकीसाठी कापले, ती मी तीन प्रतींत टंकलिखित करून पाठवली.

आता तुला जे सांगितले नव्हते, ते सांगतो. २३ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी ‘कामासाठी बाहेर’ होतो, असे मी सर्वांना सांगितले आहे. मी गंजगोलाईच्या मागे मकसूद मिस्त्रींच्या दुकानात होतो. चाकाची खुर्ची आदल्या दिवशी आणून माळ्यावर लपवली होती. देवळाला तीन पायऱ्या आहेत, हे तू जाणतेस. खुर्ची वर चढावी म्हणून मी मकसूदभाईंकडून सहा फुटांची फळी करून घेत होतो, खाली जाड, वर निमुळती. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक. भाकितावर माझा विश्वास नाही, असे चारचौघांत सांगत होतो आणि आत फळीचा कोन मोजत होतो. मकसूदभाईंनी विचारले, “सर, मॅडमचं वजन किती धरू?” मी म्हणालो, जुने धरा, ती आता भरून येईल. त्याच वेळी तुझा फोन आला होता. रंध्याच्या आवाजात तो मला ऐकू गेला नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीसाठी तिला देवळात नेले. मकसूदभाईंनी फळी रात्रीतून पुरी करून, कोणाला न विचारता पायऱ्यांवर बसवून ठेवली होती. सहा जणांनी पेटी त्या फळीवरून वर नेली. मी मागे चालत होतो. त्या दिवशी २४ डिसेंबर होता.

राजकन्या नाताळाच्या आत देवळात आली, सिंधु. भाकीत अक्षरशः पूर्ण झाले. मोशेच्या कसोटीला पाळक उतरले. हे वाक्य लिहिताना मला हसू आले.

परंतु यामुळे पाळक सुटत नाहीत. उलट प्रकरण अधिक गंभीर होते. ‘येतील’ असे मोघम बोलण्यामागे त्यांचा हेतू काय होता? तिची अवस्था जाणून, कोणत्याही बाजूने खरा ठरेल असा शब्द त्यांनी योजला काय? तसे असेल तर देवणीचा दलाल त्यांच्यापुढे सज्जन ठरेल. सुधारित अर्ज तयार आहे. गुरुवारच्या भेटीत काय बोलणे झाले, हे तू सांगितले नाहीस, तर मी त्यांना २२ तारखेला समितीसमोर हाच प्रश्न विचारीन. आणि मी प्रश्न कसे विचारतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचार.

अंगद

*

मुदखेड,
१७ मार्च

दाजी,

न्हाई, असं करू नका. त्या बापड्याला काईच ठाऊक न्हाई. सांगते. अक्काला वचन दिलं व्हतं, ते मोडून सांगते. ती वरून माझ्याकडं डोळे वटारून बगत असंल तर बगू द्या.

त्या गुरवारी पाळक आले, प्रार्थनेला बसले. त्यांची प्रार्थना तुमाला ठाऊक हाय, आमेन येईस्तोवर दूध उतू जातंय. अब्राहामापासून निघाले, ते लातूरच्या पान्याच्या टंचाईपाशी आले तवा अक्का जागी झाली. त्यांचा हात धरला अन् म्हनली, “पाळकबाबा, येते हं मी. नाताळाच्या आत येते.”

पाळक येवढे खूश झाले की उभेच ऱ्हायले. “या ताई, या! मंडळी वाट बगती. पयल्या बाकावर जागा धरून ठेवतो!” असं म्हनत, डोळे पुसत, चप्पल उलटी घालून गेले.

दाजी, आपल्यात बाई घरातून निघताना ‘जाते’ म्हनती का? अशुभ असतंय म्हनून ‘येते’च म्हनती. अक्का आयुष्यात कदी ‘जाते’ म्हनली का तुमाला? दळन आनायला निघाली तरी ‘येते’. पर निघनारा उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असती, म्हनून आपल्याला कळतं. पाळक उभे व्हते अन् अक्का पडून व्हती. निघनारे तर पाळक व्हते! म्हनून त्यांना वाटलं, बाई देवळात येते म्हनून राहिली. पलंगाला खिळलेलं मानूस ‘येते’ म्हनतं तवा ते कुठं निघालंय, हे मला कळलं. मी वाटी खाली ठेवली अन् रडाया लागले.

अक्का हसली. देवाशप्पत, हसली. म्हनली, “सिंधे, ह्याला वाटलं मी उपासनेला येते. जाऊ दे, लई आनंदात गेलाय. त्याला सांगू नको.”

मी म्हनलं, अन् दाजीस्नी?

म्हनली, “त्यांना तर मुळीच न्हाई. ते पुरावा मागतील.”

मग रविवारी तुमी देवळातून आले. तोंडावर काई दाखवलं न्हाई, पर दोन भाकरी खाल्ल्या. पंधरा दिवसांत पयल्यांदा दोन. अक्का पलंगावरून मोजत व्हती. मला म्हनली, बग, कामाला आलं की पाळकाचं येडेपन. त्यानंतर मी कशी सांगनार? अन् ती गेल्यावर तरी कोन्या तोंडानं सांगू? तुमी पाळकाला शिव्या देत व्हते, त्यानं तुमाला उभं राहायला बळ येत व्हतं. वाटलं, देऊ द्या. पाळक झगड्यातला मानूस न्हाई, सोसंल. पर झगा उतरवायपर्यंत जाईल असं वाटलं न्हवतं.

ती फसली न्हाई दाजी. तिला सगळ्यांच्या आदी ठाऊक व्हतं. फसलो आपुन, अन् आपल्याला फसवायला तिला काई करावं लागलं न्हाई, ती खरंच बोलली.

मी सही करते. पायजे तर समितीपुढं येऊन सांगते. आता मला काय बोलायचं ते बोला.

सिंधु

*

लातूर,
२७ मार्च २०२५

प्रिय सिंधु,

उत्तराला दहा दिवस लावले. तू रोज पोस्टमनची वाट पाहिली असशील आणि बालाजी रोज दाराआड बसले असतील. दोघांची क्षमा मागतो.

२२ तारखेची चौकशी झाली. तुझे पत्र खिशात होते; ते मी कोणाला दाखवले नाही. समितीचे चार सदस्य, चहा, चिवडा, पंखा बंद. पाळक कोपऱ्यातल्या खुर्चीवर झगा घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. तो मागितला जाणार, अशी त्यांची खात्री होती आणि मागणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी तो धुऊन आणला होता.

अध्यक्षांनी मला उभे केले. मी म्हणालो, “अर्जदार अर्ज मागे घेत आहे. कारण, भाकीत पूर्ण झाले.”

एका सदस्याने मोठ्याने हालेलुया म्हटले. मी त्यांना बसायला सांगितले. म्हणालो, महाशय, घाई करू नका. हे भाकीत पाळकांचे नव्हते, ते माझ्या पत्नीचे होते. पाळकांनी ते ऐकले, पण त्याचा अर्थ त्यांना कळला नाही. मीही ऐकले, मलाही कळला नाही. ज्याला कळला त्याने तोंड मिटून घेतले. एकूण पाहता, शास्त्रातील बहुतेक भाकितांचा प्रवास असाच झाला असावा, असे माझे मत आहे. अध्यक्षांनी विचारले, हे शेवटचे मत इतिवृत्तात घ्यायचे का? मी म्हणालो, आपली मर्जी. त्यांनी घेतले नाही.

मग मी ‘येते’ या क्रियापदाचा त्या खोलीतला अर्थ सांगितला. वर्गात सांगायचो तसाच, खडू नसताना. पाळक मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे घर बीदरकडचे, घरची बोली कानडी, हे तुला माहीत आहे. ते म्हणाले, “सर, आमच्याकडं पण बाया असंच बोलतात. निघताना ‘बर्तीनी’, म्हणजे येते. मला कळायला पाहिजे होतं. मी जागा धरून ठेवतो म्हणालो त्यांना.” आणि त्यांनी त्या घडीच्या झग्यात तोंड लपवले. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. दोन म्हातारे पुरुष आणि एक झगा. समितीला कुठे पाहावे ते कळेना, म्हणून त्यांनी चिवडा संपवला.

इतिवृत्तात निकाल असा लिहिला : ‘शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज. प्रकरण निकाली.’ हा शेरा मला इतका आवडला की, माझ्या शास्त्राच्या प्रतीच्या समासात तो बऱ्याच ठिकाणी लिहिण्याजोगा वाटतो. पेन्सिलने लिहीन.

पाळक राहिले. सामान सोडले. मला देवळात येण्याबद्दल त्यांनी काही विचारले नाही, एवढे शहाणपण त्यांना आले आहे. तूही विचारू नकोस. मी आता कोणाच्याही येण्याबद्दल काही जाहीर करणार नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

राहिली एक गोष्ट. तिच्यासाठी दहा दिवस लागले.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. तू मला काय बोलायचे ते बोला म्हणालीस. मला बोलायचे आहे ते तिच्याशी. ‘ते पुरावा मागतील.’ एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माझ्याविषयी तिने केलेले हे शेवटचे विधान मी सर्व बाजूंनी तपासले आणि त्यात मला एकही चूक सापडली नाही. मी पुरावा मागितला असता. हैदराबादच्या डॉक्टरांचे मत मागितले असते, ते आल्यावर दुसरे मागितले असते, रक्ताचे अहवाल तारखेप्रमाणे लावले असते आणि तुला कोणत्या आधारावर असे वाटते, म्हणून तिला भंडावून सोडले असते. हे सगळे मी केले असते, हे मला मान्य आहे.

पण सिंधु, पुरावा येईपर्यंत मी तिच्याजवळून उठलो नसतो.

अंगद